मागच्या दाराची वही

माझ्याकडे तपकिरी पुठ्ठ्याची एक दोनशे पानी वही आहे. दादाने आणि मी माहीमला, शीतलादेवीच्या देवळाजवळच्या एका गल्लीत, डिसेंबर १९९८ ते मार्च २०१३ सायबर कॅफे चालवला, त्या काळातली. वही पुढून उघडली तर हिशेब लागतात: वीजबिल, टेलिफोनबिल, माउसमधले रबरी गोळे, प्रिंटरची शाई. मागून उघडली तर पत्ते लागतात आणि प्रत्येक पत्त्यापुढे माझ्या अक्षरात शेरा. ‘फक्त दुपारी चालतो.’ ‘चित्रं गाळतो.’ ‘मराठी तुटतं.’ ‘पासवर्ड टाकू देऊ नये.’ ज्यांवर आडवी रेघ आहे ते बंद पडलेले. एकावर दोन रेघा आहेत आणि शेजारी तारीख, ९ मे २००८. तिच्याबद्दल पुढे सांगते.

हे सगळे पत्ते प्रॉक्सींचे. एखादं संकेतस्थळ आपल्या जोडणीवरून उघडत नसेल, तर मधल्या कुणाला तरी ते उघडायला सांगायचं आणि त्याने आणून दिलेलं पान वाचायचं. कॉलेजात मित्राच्या नावाने ‘हजर’ म्हणायला आपण प्रॉक्सी लावणं म्हणतो, त्यामुळे शब्द माहितीचा होता. इथे मात्र काम उलटं. मधला माणूस स्वतःच्या नावाने जातो आणि वस्तू आपल्यासाठी आणतो. पलीकडच्याला तो दिसतो, आपण दिसत नाही. आपलं सगळं दिसतं ते त्या मधल्याला. ही शेवटची गोष्ट मला कळायला बरीच वर्षं गेली, आणि आज हे लिहायला बसले आहे ती तिच्यासाठीच.

आमच्याकडचा पहिला प्रॉक्सी आमचाच होता. एक टेलिफोन लाइन, एक ५६ केचा मोडेम आणि चार मशीनं. मोडेम गणपतीच्या तसबिरीखालच्या मशीनला जोडलेला, आणि त्या मशीनवर जोडणी वाटून देणारा एक छोटा प्रोग्रॅम. बाकीच्या तिघांनी मागायचं ते त्याच्याकडे. इंटरनेट एक्सप्लोररच्या सेटिंगमध्ये जाऊन आतला पत्ता आणि पोर्टचा आकडा भरला की गिऱ्हाइकाचं मशीन सुरू. तासाला साठ रुपये घ्यायचो. तेव्हा प्रॉक्सी म्हणजे माझ्या लेखी काटकसरीची युक्ती होती, बंदीशी तिचा काही संबंध असेल असं मनातही आलं नव्हतं.

बंदी आली ती वरच्या दारावर. भारतात लोकांसाठी इंटरनेट सुरू झालं १५ ऑगस्ट १९९५ला, विदेश संचार निगमाकडून. नोव्हेंबर १९९८मध्ये खासगी कंपन्यांना परवानगी मिळाली, म्हणूनच आमच्यासारख्यांना दुकान काढायचं धाडस झालं. पण देशाबाहेर जायचा रस्ता सगळ्यांचा अजून निगमाच्याच दारातून जात होता. कंपनी कुठलीही घ्या, ते दार मिटलं की सगळ्यांचंच मिटलं. संगणकावरून अमेरिकेला बोलता येणारी काही स्थळं निगमाने आधीच अडवली होती, परदेशी फोनचं उत्पन्न बुडू नये म्हणून. मुलगा न्यू जर्सीला आणि आईवडील माहीमला, अशी गिऱ्हाइकं माझ्याकडे निम्मी तरी होती. त्यांना मी सांगत असे, ‘आजी, बोलता येणार नाही, लिहून पाठवू.’ संगणकावरून परदेशी बोलणं कायदेशीर झालं ते एप्रिल २००२मध्ये. तोवर किती आज्यांची पत्रं मी टाइप केली त्याला गणती नाही.

१९९९च्या उन्हाळ्यात कारगिलचं युद्ध पेटलं. केबलवर पाकिस्तानचं पीटीव्ही दाखवायला बंदी आली, ती सगळ्यांना माहीत होती. ‘डॉन’बद्दल मात्र आम्हाला कळलं ते पान उघडेना तेव्हा. एका वर्तमानपत्रात रात्रपाळी करणारे एक गृहस्थ दुपारी माझ्याकडे बसत. कराचीचं ‘डॉन’ ते रोज वाचायचे. समोरच्या बाजूचं सरकार आपल्या लोकांना काय सांगतंय हे पाहिल्याशिवाय मथळा लिहू नये, असं त्यांचं म्हणणं. त्या दिवशी पान लागेना. आधी मोडेमला दोष दिला, मग टेलिफोन खात्याला. बाकी सगळं उघडत होतं, हेच एक नाही.

त्यांनी खिशातून चिठ्ठी काढली. तिच्यावर एका अमेरिकन सेवेचा पत्ता होता, अ‍ॅनॉनिमायझर. आधी तिचा पत्ता लिहायचा, पुढे तिरकी रेघ देऊन आपल्याला हवा तो. आमच्या बाजूने पाहणाऱ्याला वाटावं, हा अमेरिकेतल्या एका मशीनशी बोलतोय. निगमाच्या दारावर अडवलेला होता ‘डॉन’चा क्रमांक, या मशीनचा नाही. पान उतरायला बराच वेळ लागला. आधी नुसती अक्षरं आली, मग एकेक चित्र. त्या गृहस्थांनी चष्मा वर सरकवून पूर्ण अंक वाचला, दोन तासांचे पैसे दिले आणि चिठ्ठी माझ्यासाठी ठेवून गेले. वहीच्या मागच्या बाजूचा पहिला पत्ता तो. देशाचे सैनिक शिखरावर लढत असताना शत्रूचं वर्तमानपत्र आपल्या दुकानात उघडलं, हे बरोबर झालं का, हा विचार रात्री जेवताना आला. दादा म्हणाला, ‘वाचल्याने कोणी फितूर होत नाही. ते काय छापतात ते आपल्या छापणाऱ्यांना ठाऊक असलंच पाहिजे.’ मला ते पटलं, आजही पटतं.

पुढच्या दोन वर्षांत अशा मधल्या मशीनच्या याद्या फिरू लागल्या. क्रमांक, मग विसर्गचिन्ह, मग ८०८० किंवा ३१२८. ८०८० बऱ्याच प्रोग्रॅमांचा, ३१२८ हा स्क्विड नावाच्या प्रोग्रॅमचा ठरलेला दरवाजा. कॉलेजची मुलं याद्या छापून घेऊन जात. मीही त्यातून पत्ते उतरवत होते, चालतो की नाही एवढंच बघून. तो कोणाचा, हे विचारायचं सुचलं नाही.

ते सुचलं २००१च्या पावसाळ्यात. केबलवाल्याकडून चोवीस तासांची जोडणी नुकतीच घेतली होती. एका रात्री शटर ओढताना पाहिलं तर सगळी मशीनं बंद, फक्त तसबिरीखालचं चालू आणि त्याचा दिवा थांबायचं नाव घेईना. दुसऱ्या दिवशी रुईयातल्या एका मुलाने छापून आणलेली यादी पुढे ठेवली आणि बोट दाखवलं, ‘ताई, हा तुमचा नंबर ना?’ आमचाच होता. आतल्या मशीनांसाठी ठेवलेलं दार मी बाहेरच्या बाजूनेही उघडं टाकलं होतं. जगातला कोणीही आमच्या नावाने कुठेही जात होता. काय काय करून गेले कुणास ठाऊक. एका चौकटीत टिकमार्क करायचा राहिला होता, एवढीच ती चूक. दार बंद केलं आणि हात थरथरत होते म्हणून तासभर गल्ल्यावर दादाला बसवलं.

त्या यादीतले बाकीचे क्रमांक मग मला वेगळे दिसायला लागले. ते आमच्यासारख्यांचेच होते. कोरियातली एखादी शाळा, ब्राझीलमधलं एखादं कार्यालय, कोणीतरी टिकमार्क विसरलेलं. त्यांच्या नकळत त्यांच्या घरातून ये-जा करणं मला चोरीसारखं वाटलं. शिवाय काही दारं मुद्दाम उघडी ठेवलेली असत, येणाऱ्याचं सामान तपासायला. त्या दिवशी वहीतली चार पानं मी सरळ रेघ मारून रद्द केली. यापुढे जो स्वतःहून लोकांसाठी दार उघडतो आणि तसं सांगतो, त्याचाच पत्ता ठेवायचा, असं ठरवलं.

असा एक माणूस फिनलंडमध्ये होऊन गेला होता, योहान हेलसिंगियस. हेलसिंकीतल्या आपल्या मशीनवरून तो लोकांची नावं झाकून त्यांचे संदेश पुढे पाठवत असे, १९९३पासून. १९९५मध्ये चर्च ऑफ सायंटॉलॉजीच्या तक्रारीवरून त्याला एका माणसाचा पत्ता द्यावा लागला. लोकांची नावं आपल्याला राखता येणार नाहीत हे दिसल्यावर १९९६च्या ऑगस्टमध्ये त्याने सेवाच बंद केली. रुईयातल्या त्याच मुलाने मला हे सांगितलं. दार उघडणाऱ्याने नंतर काय केलं, यावरून त्याची पारख करावी, हे मी या गोष्टीतून घेतलं.

सप्टेंबर २००३मध्ये याहू ग्रुप्स बंद झालं. मेघालयातल्या हिन्न्यूट्रेप नॅशनल लिबरेशन कौन्सिल या बंदी घातलेल्या संघटनेचा एक छोटा गट तिथे होता. बंद करायचा होता तो एवढाच. कंपन्यांकडे एक पान वेगळं काढायची सोय नव्हती, म्हणून त्यांनी सगळे गट बंद केले. माझ्याकडे येणाऱ्या एका कुळवृत्तांत मंडळाचा पत्रव्यवहार त्यात अडकला आणि त्यांचं संमेलन दोन आठवड्यांवर आलं होतं. मेघालय कुठे, माहीम कुठे. त्यांची सभासदयादी मी वहीतल्या एका पत्त्यावरून काढून दिली.

याहून पुष्कळ मोठं प्रकरण २००६चं, आणि त्याआधी काकांबद्दल सांगायला हवं.

काका २००५च्या दिवाळीनंतर येऊ लागले. बंदरातली नोकरी करून निवृत्त झालेले, स्वच्छ पांढरा लेंगा-शर्ट, हातात फुलस्केपचा गठ्ठा. त्यांचा जन्म कराचीचा. सिंध १९३६पर्यंत मुंबई इलाख्यातच होता, त्यामुळे नोकरीधंद्याला गेलेली मराठी माणसं कराचीत बरीच होती. तिथली सर्वांत जुनी सरकारी शाळाच नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याच्या नावाची. १९४७मध्ये अकरा वर्षांचे काका आईवडिलांबरोबर कियामारी बंदरातून बोटीत बसले आणि मुंबईच्या धक्क्यावर उतरले. ट्राम, गणपती, समुद्रावरची वाळू, घरमालकाची बायको सणाला पाठवायची ती मिठाई, असं सगळं त्यांनी लिहून ठेवलं होतं. पुतण्याने ब्लॉगस्पॉटवर जागा काढून दिली, टाइप करायचं माझ्या दुकानात. मी एक्सपीची सीडी घालून दोन मशीनांवर देवनागरी चढवून घेतली, बरहा टाकलं. दर गुरुवारी ते एक प्रकरण चढवत. दहा-बारा वाचक होते त्यांना, एक तर थेट मेलबर्नचा. प्रत्येक प्रतिक्रिया ते छापून घेऊन जात.

११ जुलै २००६, मंगळवार. संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास पश्चिम रेल्वेच्या गाड्यांमध्ये अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. त्यातला एक माहीमला. आवाज दुकानात आला. आम्ही शटर अर्धं टाकून घागर आणि पेले घेऊन स्टेशनकडे पळालो. तिथे पाहिलं ते मी लिहिणार नाही. १८०हून अधिक माणसं गेली. मोबाइल लागत नव्हते, म्हणून लोक रस्त्यावरून आत येत होते: ‘ताई, घरी मेल टाकायचाय, मी जिवंत आहे एवढंच.’ त्या रात्री आम्ही एक वाजेपर्यंत दुकान उघडं ठेवलं, पैसे घेतले नाहीत. ब्लॉगस्पॉटवर ‘मुंबई हेल्प’ नावाचा एक ब्लॉग लोकांनी चालवला होता. इस्पितळांचे दूरध्वनी, चौकश्या, कोण सापडलं, कोण नाही. तो मी एका मशीनवर कायम उघडा ठेवला होता.

त्याच आठवड्यात ब्लॉगस्पॉट बंद झालं.

दूरसंचार विभागाने १३ जुलैला कंपन्यांना यादी पाठवली होती, वीसेक पत्त्यांची. ही पानं बंद करा. त्यांत काही ब्लॉगस्पॉटवरची होती. ब्लॉगस्पॉटवरचे लाखो ब्लॉग मोजक्या क्रमांकांमागे राहतात, चाळीत बिऱ्हाडं राहतात तसे. कंपन्यांनी खोली शोधण्याऐवजी चाळीलाच टाळं लावलं. टाइपपॅड आणि जिओसिटीजचंही तेच झालं. काही कंपन्यांकडे उघडत होतं, काहींकडे नाही, आणि फोनवर विचारलं तर पलीकडच्या मुलीलाच पत्ता नसे.

गुरुवारी काका आले. प्रकरण चढवलं, ते चढलं. लिहायचं दार होतं ब्लॉगर डॉट कॉमचं, ते चालू होतं. वाचायचं दार होतं ब्लॉगस्पॉट डॉट कॉमचं, ते बंद. म्हणजे लिहिता येत होतं आणि स्वतःचं लिहिलेलं पाहता येत नव्हतं. काका पाच मिनिटं पांढऱ्या पडद्याकडे बघत बसले. मग म्हणाले, ‘अगं, माझ्या हातून काही चुकीचं लिहिलं गेलं का? कराचीचं लिहितो म्हणून?’

मला अजून तो प्रश्न सोसत नाही. सत्तरीचा माणूस, उभा जन्म सरळ नोकरी केलेला, आणि त्याला वाटलं की सरकारने आपल्याला गप्प केलं. कुणी त्याला काही कळवलं नव्हतं, कळवायची पद्धतच नव्हती. सरकारला धास्ती वाटली याला माझी हरकत नाही. त्या संध्याकाळी माहीमच्या फलाटावर उभं राहिलेल्या कोणाचीच असणार नाही. पण बंद काय केलं, का केलं आणि किती दिवसांसाठी, हे सांगितलं पाहिजे. न सांगता टाळं लावलं की ज्याचा काही दोष नाही तोही स्वतःचे खिसे तपासू लागतो.

मी वही उघडली. पहिला पत्ता घेतला. पान आलं, पण मराठी फुटली. देवनागरीचं एकेक अक्षर आत तीन तुकड्यांत साठवलेलं असतं. हा मजकूर कुठल्या पद्धतीने वाचायचा ती सूचना मधल्या मशीनने गाळली, की त्या तीन तुकड्यांची तीन भलतीच रोमन चिन्हं होतात. पानभर तेच, डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए आणि त्यामागे चलनाचं एक चिन्ह, पुन्हा पुन्हा. दुसरा पत्ता, तेच. तिसऱ्यात मराठी आलं पण अर्ध्या ओळीत तुटलं, वर जाहिराती. इंग्रजी ब्लॉगवाल्यांना कुठलाही प्रॉक्सी चालत होता. आमच्यासाठी पहिली कसोटी ही: ‘ळ’ नीट येतो का आणि जोडाक्षर जुळतं का.

तेवढ्यात शेजारच्या मशीनवरच्या एका मुलाने सांगितलं, पीकेब्लॉग्ज डॉट कॉम टाकून पाहा, पुढे ब्लॉगचं नाव. टाकलं. दहा सेकंदांत काकांचं पान जसंच्या तसं उभं राहिलं, मथळ्यासकट. ‘कियामारी’मधला ‘कि’सुद्धा जागच्या जागी.

‘पीके म्हणजे काय?’ काकांनी विचारलं.

पाकिस्तान. डेन्मार्कच्या एका दैनिकातल्या व्यंगचित्रांवरून फेब्रुवारी २००६च्या अखेरीस पाकिस्तानात डझनभर पत्ते बंद करायचा हुकूम निघाला होता. तिथल्या कंपन्यांनीही तेच केलं होतं, सगळ्या ब्लॉगस्पॉटला टाळं. तिथल्या ब्लॉग लिहिणाऱ्यांनी आपल्या लोकांसाठी हे दार उघडलं. आम्ही जुलैत त्यातून आत गेलो. स्फोटांमागे पाकिस्तान आहे, असं दुकानातल्या टीव्हीवर दिवसभर सांगत होते, आणि माहीममधल्या एका मशीनवर मुंबईकर माणसाच्या कराचीच्या आठवणी पाकिस्तानी पोरांनी बांधलेल्या वाटेने उतरत होत्या. काका काही बोलले नाहीत. त्यांनी पान छापायला सांगितलं, मग माझ्याकडून वही आणि पेन मागून घेतलं, आणि पत्ता स्वतःच्या हाताने लिहिला. बंदरातल्या रजिस्टरांनी घडवलेलं, उजवीकडे कललेलं अक्षर.

दोन-तीन दिवसांत तो पत्ता मी वीस-पंचवीस जणांना दिला. ‘मुंबई हेल्प’ही त्यातूनच उघडलं. तिकडे ब्लॉग लिहिणाऱ्यांनी एकत्र येऊन आवाज उठवला, काहींनी माहितीच्या अधिकाराखाली अर्ज केले, वर्तमानपत्रांनी लावून धरलं. मग दूरसंचार विभागाने कंपन्यांना बजावलं की यादीतली पानंच बंद करा, बाकीची नव्हेत. जुलै संपायच्या आत काकांचा ब्लॉग सरळ दारातून उघडू लागला.

पुढची दोन-तीन वर्षं प्रॉक्सींचा नुसता पूर आला. ऑर्कुट कॉलेजांतून, कार्यालयांतून बंद असायचं, त्यामुळे दर आठवड्याला नवा पत्ता. पीएचप्रॉक्सी, ग्लाइप असे आयते प्रोग्रॅम मिळत, थोड्या पैशांत जागा घेऊन कोणीही दुकान थाटायचं आणि जाहिरातींवर कमवायचं. अशातलाच एक पत्ता मी वहीत घेतला. दिसायला स्वच्छ, मराठी नीट, वेग छान. बारावी झालेल्या एका मुलीला दिला. तिने त्यातून ऑर्कुटचा पासवर्ड टाकला. दोन दिवसांनी तिच्या नावाने तिच्या मैत्रिणींना घाणेरडे संदेश गेले. ती दुकानात येऊन रडली, तिची आई माझ्याकडे बघत राहिली. तो ९ मे २००८.

पासवर्ड बंद लखोट्यातून जात नव्हता का, असं मला तेव्हा वाटलं होतं. कोपऱ्यात कुलपाचं चित्र दिसलं की सुरक्षित, एवढंच मला ठाऊक. पण अशा प्रॉक्सीत ते कुलूप असतं आपल्या आणि मधल्याच्या मध्ये. तो लखोटा फोडतो, वाचतो, दुसऱ्या लखोट्यात घालून पुढे पाठवतो. त्याने वाचू नये अशी व्यवस्था काही नसते, फक्त त्याची नियत. मी त्या मुलीच्या घरी जाऊन माफी मागितली. तेव्हापासून प्रॉक्सी मागणाऱ्याला मी आधी विचारायची: वाचायचंय की आत शिरायचंय? नुसतं वाचायचं असेल तर पत्ता देईन. पासवर्ड टाकायचा असेल तर या वहीतला एकही नाही.

मग पुढचा प्रश्न, पैसे कोण देतं? मोफत असेल तर कोणाच्या खिशातून? अनुदानावर, देणगीवर चालत असेल तर ते सांगितलेलं असतं. काहीच सांगितलेलं नसेल तर तुमचंच काहीतरी विकलं जातंय असं धरून चालावं. पुढे २०१५मध्ये होला नावाच्या मोफत सेवेचं उघडकीला आलं की ती वापरणाऱ्यांच्या घरची जोडणी दुसऱ्या कंपनीमार्फत विकत होती. ते वाचलं तेव्हा २००१मधला तसबिरीखालचा दिवा डोळ्यांपुढे आला. फरक एवढाच की आमचं दार विसरून उघडं राहिलं होतं आणि इथे ते काढून विकलं होतं.

मला मनापासून आवडलेली रचना एकच. डिसेंबर २००६मध्ये टोरंटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅबने सायफन नावाचा प्रोग्रॅम काढला. बंदी नसलेल्या देशातल्या माणसाने तो आपल्या घरच्या संगणकावर टाकायचा आणि बंदीच्या देशातल्या आपल्या ओळखीच्या, विश्वासाच्या दोन-चार माणसांनाच पत्ता आणि परवलीचा शब्द द्यायचा. जाहीर यादी नाही, त्यामुळे अडवायलाही अवघड. काकांच्या न्यू जर्सीच्या भाच्याने हौसेने तो टाकून पाहिला होता. मामाचं पत्र भाच्याच्या हातून जातंय, मग वाचलं तरी काय बिघडलं, असं काका म्हणाले. पुढे सायफन बदलत गेलं, मोठं झालं, पण मूळची ती कल्पना मला घरातल्या माणसासारखी वाटते. टोरही एका मुलाने पेनड्राइव्हवरून दाखवलं होतं. तिथे एकाच मधल्यावर भिस्त नाही, तीन मधले, आणि पहिल्याला शेवट ठाऊक नाही, शेवटच्याला पहिला ठाऊक नाही. विचार उत्तम, पण आमच्या जोडणीवर एक पान यायला चहा करून व्हायचा.

कायदाही या काळात बदलत होता. माहिती तंत्रज्ञान कायद्यात ६९अ कलम आलं, ऑक्टोबर २००९पासून बंदीची ठरलेली पद्धत लागू झाली. समिती, लेखी कारणं, सगळं. पण त्याच नियमांतला सोळावा म्हणतो की हे सारं गोपनीय. म्हणजे काकांचा प्रश्न तिथेच राहिला. २०११च्या एप्रिलमध्ये सायबर कॅफेंचे नियम आले. ओळखपत्राशिवाय कोणाला बसवायचं नाही, वर्षभर नोंद ठेवायची, आडोसे साडेचार फुटांहून उंच नकोत. सुताराला बोलावून आम्ही फळ्या कापून घेतल्या. माझं नोंदणीपुस्तक चोख असायचं. तपासायला आलेल्या प्रत्येकाला मी ते दिलं आणि त्याच्या शेजारच्या खणात ही वही होती. दोन्ही ठेवण्यात मला विसंगती वाटली नाही. कोण आलं होतं हे पोलिसांनी विचारावं, मी सांगेन. कोणाला काय वाचावंसं वाटलं, हे त्या माणसाचं.

मे २०१२मध्ये चित्रपटांच्या चोरीवरून मद्रास उच्च न्यायालयाचा आदेश आला आणि व्हिमिओसारखी स्थळंच्या स्थळं बंद झाली. जूनच्या ९ तारखेला याच्या निषेधाला आझाद मैदानात मुलं मुखवटे घालून जमली. त्यांतली दोघं माझ्याकडून छपाई करून गेली होती. पण तोवर प्रत्येकाच्या हातात फोन आला होता, आमची सहा मशीनं दिवसाला आठ-दहा तासही चालत नव्हती. मार्च २०१३मध्ये शटर कायमचं ओढलं.

वहीचं काम संपलं असं वाटलं होतं. डिसेंबर २०१४मध्ये महाराष्ट्र एटीएसच्या मागणीवरून ३२ स्थळं बंद झाली, त्यांत प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांचं गिटहब. दादाच्या मुलाचा अभियांत्रिकीचा प्रकल्प त्यावर ठेवलेला. तो रात्री माझ्याकडे आला, ‘आत्या, तुझी ती वही आहे का?’ जानेवारी २०२०मध्ये, पाच महिने बंद राहिलेलं काश्मीरचं इंटरनेट टूजीवर सुरू केलं तेव्हा फक्त १५३ स्थळांची यादी दिली होती, तिच्याबाहेर काही नाही. तिथले लोक व्हीपीएन शोधत होते. व्हीपीएन म्हणजे त्याच प्रॉक्सीचं थोरलं भावंड, एका पानाऐवजी अख्खी जोडणीच दुसऱ्याच्या घरातून नेणारं. एप्रिल २०२२मध्ये केंद्र सरकारच्या सर्ट-इनने हुकूम काढला की व्हीपीएन कंपन्यांनी गिऱ्हाइकांची नावं, पत्ते पाच वर्षं जपावेत. अनेक परदेशी कंपन्यांनी भारतातली मशीनं हलवली. हेलसिंगियसने दुकान बंद केलं होतं, यांनी गाव सोडलं.

दादाचा मुलगा आता पुण्यात नोकरी करतो. गेल्या गणपतीत आला तेव्हा मोबाइल पुढे करून म्हणाला, ‘आत्या, यातलं कुठलं व्हीपीएन घेऊ? सगळे म्हणतात आम्ही काही साठवत नाही.’ मी त्याला विचारलं, कंपनी कोणाच्या मालकीची, कुठल्या देशात नोंदलेली, कोर्टाने मागितलं तेव्हा तिने काय दिलं, बाहेरच्या कोणी तपासलंय का. त्याला एकाचंही उत्तर येत नव्हतं. तो जमिनीवर बसून शोधू लागला आणि मी वही काढली.

पानं उलटत तो जुलै २००६पर्यंत आला. माझ्या अक्षरांच्या मध्येच ते कललेलं अक्षर. ‘हे कोणाचं?’ त्याने विचारलं. काका २०१६मध्ये गेले. त्यांचा ब्लॉग अजून उघडतो, शेवटचं प्रकरण बोटीवरच्या पहिल्या रात्रीचं आहे. पीकेब्लॉग्जच्या पत्त्यापुढे, जिथे मी नेहमी शेरा लिहायची त्या जागी, त्यांनीच लिहून ठेवलंय: ‘मराठी उत्तम. आभार कोणास कळवावे?’

दादाच्या मुलाने मोबाइलवर तो पत्ता टाकून पाहिला.

‘लागत नाही,’ तो म्हणाला.